प्लेटमागे पहिल्यांदा उभं राहताना: थोडं अंपायरसाठी, थोडं बॅटरसाठी

मूल अमेरिकेत लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये, खेळायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या सीझनला आयोजकांचा मेल येतोच: अंपायर कमी पडताहेत, पालकांपैकी कोणी उभं राहील का? आपल्याला वाटतं, जन्म क्रिकेट बघण्यात गेला, यात काय एवढं! मीही त्याच भरात नाव दिलं. पूर्वानुभव काय, तर सांगलीतल्या टेनिस बॉलच्या मॅचेस. तिथे बॅटिंग करणाऱ्या टीमचाच कोणीतरी रिकामा गडी अंपायर असायचा.

न्यू जर्सीतली एप्रिलमधली थंड सकाळ. पहिला चेंडू आला, कॅचरच्या (विकेटकीपरसारखा, बॅटरमागे बसणारा) ग्लोव्हमध्ये धप्पकन बसला आणि मी गप्प. कोणीतरी अपील करेल म्हणून वाट बघतोय. दोन-तीन सेकंद गेले. समोर बसलेला कॅचर, वय वर्षं अकरा, मान न वळवता हळूच म्हणाला, "ब्लू, काय होतं ते?"

इथे अंपायरला ‘ब्लू’ म्हणतात, शर्टाच्या जुन्या रंगावरून. त्या पोरानं मागे वळून विचारलं असतं तर साऱ्या मैदानाला कळलं असतं की अंपायर झोपलाय. तो वळला नाही. प्लेटजवळच्या (बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो ती जमिनीतली पाटी) सगळ्या रीतीभातींचं मूळ यातच आहे, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं: चारचौघांत कोणी कोणाचा पाणउतारा करायचा नाही. पुढचं सगळं त्या अनुषंगानं वाचा.

(एक खुलासा. या खेळात ‘बॉल’ हा निर्णयही आहे आणि वस्तूही. घोळ नको म्हणून वस्तूला मी चेंडूच म्हणतो.)

आधी क्रिकेटचं विसरा

दोन गोष्टी विसरायच्या. पहिली, अपील. क्रिकेटमध्ये कोणी विचारल्याशिवाय अंपायर आउट देत नाही. इथे बॅटरनं न मारलेल्या प्रत्येक चेंडूवर तुम्हालाच बोलायचंय: स्ट्राइक (चेंडू ‘झोन’मधून, म्हणजे प्लेटवरच्या ठरलेल्या हद्दीतून गेला; असे तीन झाले की बॅटर आउट) किंवा बॉल (हद्दीबाहेरून गेला; असे चार झाले की बॅटर पहिल्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या पहिल्या थांब्यावर, फुकट जातो). अपील लागतं ते मोजक्या प्रसंगी: रनरनं (बेसवर पोहोचून पुढे धावणाऱ्यानं) बेसला पाय न लावता पुढे जाणं, झेलाच्या चेंडूला फील्डरचा स्पर्श होण्याआधी बेस सोडणं, आणि अर्धवट स्विंग, म्हणजे बॅट अर्धवट फिरवणं. त्यावर पुढे येतो.

दुसरी गोष्ट, संशयाचा फायदा. आपल्या हाडामांसात भिनलंय की शंका असेल तर बॅट्समन वाचला. बेसबॉलमध्ये असा लाडका कोणी नाही. उलट लहान मुलांच्या खेळात तुम्ही प्रत्येक शंकेचा चेंडू ‘बॉल’ देत गेलात तर चार-चार बॉलवर सगळे चालत पहिल्या बेसवर जातात, बॅट कोणी हलवत नाही आणि दोन तासांत तीन इनिंगसुद्धा (एक इनिंग म्हणजे दोन्ही टीमचा एकेक डाव) होत नाहीत. कडेच्या चेंडूला स्ट्राइक द्यायला शिका. पोरं आपोआप बॅट फिरवायला लागतात.

उभं कुठे राहायचं

कॅचरच्या बरोबर मागे उभं राहिलात तर त्याचं हेल्मेट आणि पाठ सोडून काही दिसत नाही. जागा असते ती कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीत. तिला ‘स्लॉट’ म्हणतात. उजव्या हातानं खेळणारा बॅटर तुमच्या डावीकडे उभा असतो, म्हणजे कॅचरच्या डाव्या खांद्यावरून बघायचं. डावखुरा आला की दुसऱ्या खांद्यावरून. नाक प्लेटच्या आतल्या कडेच्या रेषेत आणि हनुवटी कॅचरच्या डोक्याच्या वर. पाय फाकवून, पाठ ताठ ठेवून बसायचं, आणि चेंडू येत असताना डोकं हलवायचं नाही. फक्त डोळे फिरवायचे. चुकीचे निर्णय बहुतेक वेळा ज्ञानाअभावी होत नाहीत, डोकं हलल्यामुळे होतात.

मास्क, शर्टाच्या आतून छातीचं कवच, नडगीचे पॅड आणि गार्ड. गार्डाबाबत काटकसर नको.

सतरा इंच

प्लेट पाचकोनी असते आणि पुढून १७ इंच रुंद. मेजर लीगमध्येही (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) १७ आणि तुमच्या गल्लीतल्या मैदानावरही १७. बाकी अंतरं मुलांसाठी कमी केलेली आहेत. मोठ्यांचा पिचर (चेंडू टाकणारा) ६० फूट ६ इंचांवरून टाकतो, लिटल लीगच्या मेजर गटात (साधारण बारा वर्षांपर्यंतची मुलं) ४६ फुटांवरून. दोन बेसमधलं अंतर ९० ऐवजी ६० फूट. प्लेट मात्र तीच. १९८३ साली मेजर लीगमधल्या जॉर्ज ब्रेटच्या बॅटवर डांबरी चिकट पदार्थ हँडलपासून १८ इंचांच्या वर गेलाय का, अशी तक्रार झाली, तेव्हा अंपायर टिम मॅक्लेलंड यांनी मोजपट्टी मागवलीच नाही. बॅट सरळ प्लेटवर आडवी ठेवली. त्यांनी ब्रेटला आउट दिलं, तो ज्या वेगानं डगआउटमधून (मैदानाच्या कडेची खेळाडूंची बसायची जागा) धावत आला ते दृश्य आजही दाखवतात, आणि पुढे लीगच्या अध्यक्षांनी निर्णय फिरवला. मोजमाप बरोबर होतं, नियमाचा अर्थ वेगळा निघाला.

चेंडूचा कुठलाही भाग प्लेटच्या कुठल्याही भागावरून गेला तरी पुरे. चेंडूचा व्यास तीन इंचांना जरासा कमी, म्हणजे दोन्ही कडांना चाटून जाणारे चेंडू धरले तर तुमची खिडकी जवळपास २३ इंचांची झाली. नवा अंपायर १७ इंचांपेक्षाही अरुंद झोन देतो. भीतीनं.

उंचीचं मात्र वेगळं आहे. मेजर लीगच्या नियमात वरची हद्द म्हणजे खांदा आणि पँटची वरची कड यांच्या बरोबर मधली रेषा. खालची गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या खळगीपाशी. लिटल लीगमध्ये काखेपासून गुडघ्याच्या वरच्या भागापर्यंत. बॅटर नेहमीसारखा उभा असताना हे मोजायचं. एखादं पोरगं झोन छोटा व्हावा म्हणून बेडकासारखं बसतं, त्याला भुलू नका.

आता एक गोष्ट जवळून बघा. दहा वर्षांच्या पिचरचा हळू चेंडू सरळ येत नाही, नळाच्या धारेसारखा वाकत येतो. प्लेटच्या पुढच्या कडेवरून तो गुडघ्याच्या वर असतो, आणि कॅचरपर्यंत पोहोचेस्तोवर मातीत आपटतो. कॅचर ग्लोव्ह उपडा करून तो धुळीतून उचलतो. बघणाऱ्या सगळ्यांना वाटतं, काय घाण चेंडू! पण नियमानं तो स्ट्राइक आहे. झोन प्लेटवर असतो, ग्लोव्हमध्ये नसतो. हा चेंडू पहिल्या इनिंगमध्ये स्ट्राइक दिलात तर पाचव्या इनिंगमध्येही द्या. कोच मंडळी रुंद झोन सोसतात, अरुंदही सोसतात. रंग बदलणारा झोन कोणीच सोसत नाही.

थांबा, मग बोला

चेंडू ग्लोव्हमध्ये गेला की मी मनात "बरं" म्हणतो आणि मग तोंड उघडतो. त्या एका शब्दाच्या वेळात डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूला कळतं. घाईनं दिलेला निर्णय आवाजातच पडका वाटतो.

स्ट्राइक असेल तर उठायचं, उजव्या हाताची खूण आणि खणखणीत आवाज. बॉल असेल तर बसल्या जागीच "बॉल" म्हणायचं, हात नाही, खूण नाही, कुठून गेला याचं स्पष्टीकरण नाही. तिसरा स्ट्राइक न खेळता सोडला तर टीव्हीवरचे अंपायर आरा ओढल्यासारखी खूण करतात. समोर नऊ वर्षांचं पोर असेल तर हा नाच टाळा. ते आधीच रडवेलं झालेलं असतं.

काउंट (किती बॉल, किती स्ट्राइक झाले) सांगताना बॉल आधी, स्ट्राइक नंतर. बॉल डाव्या हातावर, स्ट्राइक उजव्या. डाव्या हातात क्लिकर, म्हणजे मोजायचं छोटं यंत्र, असतो. तो घ्याच, बोटांवर मोजायला गेलात तर चौथ्या इनिंगमध्ये दोन्ही कोच तुम्हाला दोन वेगवेगळे आकडे सांगतील.

फाउल (मारल्यावर हद्दीच्या रेषांबाहेर गेलेल्या) चेंडूला मोठ्यानं "फाउल!" म्हणायचं. फेअर (रेषांच्या आतल्या) चेंडूला तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, फक्त मैदानाकडे हात दाखवायचा. धावपळीत ‘फेअर’ आणि ‘फाउल’ कानाला सारखेच वाटतात, आणि एकदा फाउल ऐकलं की सगळे जागच्या जागी थांबतात.

बेसवर उभे असाल तर आणखी एक युक्ती: डोळे बेसवर, कान ग्लोव्हवर. पाय पडताना दिसला पाहिजे, चेंडू बसल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. आधी काय आलं, तोच निर्णय.

जिथे नियमाचं पुस्तक हात वर करतं

अर्धवट स्विंगपासून सुरुवात करू. बॅटरनं बॅट काढली, मग आवरली. पुस्तकात मनगट वळलं का, बॅट प्लेटच्या पुढे गेली का, असलं काही मोजमाप नाही. प्रश्न एकच: त्यानं मारायचा प्रयत्न केला का? तुम्ही बॉल दिलात तर कॅचर किंवा त्यांचा कोच सांगू शकतो की बेसवरच्या अंपायरला विचारा. उजव्या बॅटरसाठी पहिल्या बेसवरच्याला, डावखुऱ्यासाठी तिसऱ्या. विचारायला सांगितलं तर चटकन विचारा, तोरा नको. तुम्ही त्या वेळी चेंडू बघत होतात, बॅट नाही. तुम्ही स्ट्राइक दिला असेल तर मात्र कोणाला विचारायची सोय नाही.

चेंडू अंगावर लागणं यात खरी गंमत आहे. लागला म्हणजे पहिला बेस मिळालाच, असं लोकांना वाटतं. तीन अडचणी आहेत. बॅटरनं स्विंग केला असेल तर तो स्ट्राइक. चेंडू झोनमध्ये असताना लागला तरी स्ट्राइकच. आणि चुकवायचा प्रयत्नच केला नाही तर नुसता बॉल, बेस नाही.

३१ मे १९६८ला लॉस एंजेलिसमध्ये पिचर डॉन ड्रायस्डेल सलग पाचव्या मॅचमध्ये एकही रन न देण्याच्या उंबरठ्यावर होता. नववी इनिंग, तिन्ही बेस भरलेले, एकही आउट नाही, आणि चेंडू बॅटर डिक डिएट्झला लागला. म्हणजे सगळे एकेक बेस पुढे सरकणार, रन मिळाला, मालिका संपली. पण अंपायर हॅरी वेंडलस्टेड्ट म्हणाले, यानं चुकवायचा प्रयत्न केला नाही, परत ये. डिएट्झ पुढे साधा झेल देऊन आउट झाला आणि ड्रायस्डेलची मालिका ५८ इनिंगच्या पुढे गेली. उलट उदाहरण ८ एप्रिल २०२१चं. न्यूयॉर्क मेट्सचा मायकेल कॉनफोर्टो, नवव्या इनिंगमध्ये बेस भरलेले, बरोबरी. चेंडू झोनमध्ये आणि याच्या कोपराचं पॅड त्याला चाटलं. नियमानं तिसरा स्ट्राइक, आउट. अंपायर रॉन कुल्पा यांनी बेस दिला, मेट्स तिथेच जिंकले. मॅच संपल्यावर कुल्पांनी मान्य केलं की चूक झाली.

तुमच्या मैदानावर काय करायचं? दहा वर्षांचं पोर चेंडू अंगावर येताना पाहून पुतळ्यासारखं गोठतं. तो ‘प्रयत्न न करणं’ नाही, ती भीती आहे. बेस द्या. मुद्दाम कोपर पुढे सरकवणारा वेगळा कळतो, आणि तो सहसा बारा वर्षांचा असतो. "हात म्हणजे बॅटचाच भाग" असं कोणी ओरडलं तर लक्ष देऊ नका. हात हा हातच असतो.

तिसरं, कॅचरला अडथळा. बॅटर प्लेटशेजारी आखलेल्या आपल्या चौकोनात उभा आहे म्हणून त्याला सगळं माफ, असं नाही. चौकोनाबाहेर पाऊल टाकून किंवा आत राहूनही वेगळी हालचाल करून कॅचरचा थ्रो अडवला तर तो आउट. पण नुसता जागेवर उभा राहिला तर नाही. १९७५च्या वर्ल्ड सिरीजच्या (मेजर लीगची अंतिम मालिका) तिसऱ्या मॅचमध्ये सिनसिनाटीच्या एड आर्मब्रिस्टरनं बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता टेकवला, चेंडू प्लेटपुढेच उडाला, तो आणि बॉस्टनचा कॅचर कार्लटन फिस्क एकमेकांवर आदळले, फिस्कचा थ्रो लांब गेला. अंपायर लॅरी बार्नेट यांनी अडथळा दिला नाही. सिनसिनाटीनं ती मॅच दहाव्या इनिंगमध्ये जिंकली आणि बॉस्टनमध्ये त्यावर अजून बोलतात. माझं मत विचाराल तर मी आउट दिलं असतं. पण मी घरी सोफ्यावर बसून म्हणतोय.

आता बॅटरच्या बाजूनं

हा भाग मुलांना वाचून दाखवा. आपली मुलं घरात क्रिकेट बघून आलेली असतात आणि निर्णय पटला नाही की अंपायरकडे तोंड करून, बॅट दाखवून उभी राहतात. इथे ते फार महाग पडतं.

पिचर सराव करत असताना प्लेटजवळ जाऊन चेंडूचा अंदाज घ्यायचा नाही. लिटल लीगच्या मेजर गटापर्यंत पुढच्या बॅटरनं बाहेर येऊन बॅट फिरवायलाही परवानगी नाही. पाळी येईपर्यंत डगआउटमध्येच, बॅटला हात न लावता. पलीकडच्या चौकोनात जायचं असेल तर कॅचर आणि अंपायरच्या मागून वळसा घालून जा, मधून नाही. कॅचरला, अंपायरला दोन शब्द बोला. चौकोनाची मागची रेघ बुटानं पुसू नका. मोठे खेळाडू पुसतात ते मलाही दिसतं.

वेळ हवा असेल तर हात वर करा, मागा आणि अंपायर "टाइम" म्हणेपर्यंत आतच थांबा. मागितला म्हणजे मिळाला, असं नसतं. पिचरनं टाकायला सुरुवात केली असेल आणि तुम्ही बाहेर पडलात तर तो स्ट्राइकही ठरू शकतो. दर चेंडूनंतर बाहेर फेरफटका मारणंही बंद: लिटल लीगमध्ये एक पाय चौकोनात ठेवावा लागतो. मेजर लीगमध्ये २०२३पासून घड्याळच लावलंय. घड्याळात आठ सेकंद उरेपर्यंत बॅटर तयार नसेल तर फुकटचा स्ट्राइक, आणि टाइम एका पाळीत एकदाच.

कॅचरचा ग्लोव्ह कुठे आहे ते चोरून मागे बघणं हा प्लेटजवळचा सगळ्यात हलका गुन्हा. हलका म्हणजे हलकट या अर्थी.

निर्णय पटला नाही? विचारता येतं. पण तोंड पिचरकडे ठेवून, हळू आवाजात: "ब्लू, बाहेरचा नव्हता का?" मी म्हणेन, "कडेला होता." विषय संपला, कोणाला काही दिसलं नाही. हाच प्रश्न मागे वळून विचारला की गर्दीला भांडण दिसतं आणि मला त्याचं काहीतरी करावं लागतं. बॅटनं मातीत रेघ ओढून चेंडू कुठून गेला ते दाखवणं तर व्यावसायिक खेळात जवळजवळ घरी जायचं तिकीटच आहे. चौथा बॉल वाटला म्हणून मी बोलायच्या आधीच बॅट टाकून पहिल्या बेसकडे पळत सुटणं हेही त्याच जातीतलं. चेंडू कडेचा असेल आणि मी स्ट्राइक दिला, तर तीन पावलं गेलेल्या मुलाला परत बोलवताना दोघांचंही हसं होतं.

मारल्यावर बॅट खाली ठेवायची, भिरकावायची नाही. मागे एक मूल आणि एक प्रौढ गुडघ्यांवर बसलेले असतात. होमरननंतर (चेंडू थेट मैदानाबाहेर मारल्यावर) बॅट उडवण्याबद्दल मात्र देशोदेशीच्या चाली वेगळ्या. कोरियात ती कलाच मानतात. अमेरिकेत जुने लोक अजून नाक मुरडतात. मे २०२१मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या येरमीन मर्सिडीझनं मोठी आघाडी असताना, समोर हौशी पिचिंग करणारा खेळाडू असताना, तीन बॉल झाल्यावर होमरन मारला, आणि त्याच्याच मॅनेजरनं त्याला जाहीर बोल लावले. मला त्यात गैर काही वाटलं नाही. समोरच्यानं टाकलाय तर मारणार नाही का?

एक रीत मात्र मला फार आवडते. फाउल चेंडू कॅचरला जोरात लागला की अंपायर काही न बोलता पुढे येतो, ब्रश काढतो आणि स्वच्छ प्लेट पुन्हा झाडत बसतो. कॅचरला श्वास घ्यायला तेवढा वेळ मिळतो. अंपायरला लागला तर कॅचर उठून पिचरशी गप्पा मारायला जातो. आणि प्लेट झाडताना अंपायर पुढे जाऊन पाठ मैदानाकडे करतो, प्रेक्षकांकडे नाही.

कोच आला की

कोच दोन प्रकारचे प्रश्न घेऊन येतो. "तो सेफ होता!" हा तुमच्या नजरेचा प्रश्न, अशा निर्णयावर दाद मागता येत नाही. "नियमानं रनरला दोन बेस मिळतात ना?" हा नियमाचा प्रश्न, तो ऐकून घ्या, सहकाऱ्याला विचारा, चुकलं असेल तर दुरुस्त करा. बॉल-स्ट्राइकवर वाद घालायला बाहेर आला तर आधी ताकीद, मग बाहेर. ॲटलांटाच्या बॉबी कॉक्स यांना नियमित सीझनमध्ये १५८ वेळा बाहेर काढलं, तो विक्रम आहे. तरी शब्दाला शब्द वाढवू नका. मी हात मागे बांधून ऐकतो.

चूक कळली आणि ती दुरुस्त होणारी नसेल तर? २ जून २०१०ला डेट्रॉइटमध्ये अंपायर जिम जॉयस यांनी २७व्या, म्हणजे शेवटच्या बॅटरला पहिल्या बेसवर सेफ दिलं आणि पिचर अर्मांडो गालारागाचा परफेक्ट गेम (एकाही बॅटरला बेसवर येऊ न देता जिंकलेली मॅच) गेला. रिप्लेमध्ये तो सरळ आउट होता. जॉयस यांनी त्याच रात्री चूक कबूल केली, आणि दुसऱ्या दिवशी ते प्लेटमागे उभे असताना खेळाडूंची यादी त्यांच्या हातात द्यायला गालारागालाच पाठवलं गेलं. आपल्या पातळीवर एवढंच: पुढच्या इनिंगमध्ये भरपाई म्हणून उलटा चुकीचा निर्णय देऊ नका. एकाच्या दोन चुका होतात.

यंत्रं येताहेत. कोरियाच्या लीगमध्ये २०२४पासून प्रत्येक चेंडूचा निर्णय यंत्रणा देते. मेजर लीगनं २०२६च्या सीझनसाठी मधला मार्ग निवडला: निर्णय अंपायरचा, प्रत्येक टीमला दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. मागायचं फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरनं, लगेच, डगआउटकडे न बघता, डोक्यावर हात टेकवून. म्हणजे इथेही मागे वळून भांडायचं नाहीच. मुलांच्या मैदानावर यंत्र यायला वेळ आहे. १९३९ साली विल्यम्सपोर्टमध्ये लिटल लीग सुरू झाली, आणि तिच्या वर्ल्ड सिरीजमध्येही अंपायर मंडळी आजतागायत हौसेनंच उभी राहतात.

शेवटचा आउट झाला की चेंडू परत करा आणि चालायला लागा. रेंगाळू नका, पार्किंगमध्ये कोणाला काही समजावत बसू नका. शक्यतो आपल्या मुलाच्या मॅचला प्लेटमागे उभंच राहू नका. माझी लेक प्रेक्षकांत बसते. परवा गाडीत बसल्यावर, सीटबेल्ट लावता लावता म्हणाली, "बाबा, तिसऱ्या इनिंगमधला तो शेवटचा, बॉल होता ना?"

मी गाडी सुरू केली. "स्ट्राइक."